कंबर दुखावल्यानंतर वजन कधी वाढवायचं, किती वाढवायचं?

वाचकांचे प्रश्न

चाळिशी-पन्नाशीत कंबर दुखावलेल्या आणि पुन्हा वजन उचलू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे, ती आधी. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, पाऊल उचलताना लोंबत असेल, तर हे सदर बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तरी व्यायामाआधी डॉक्टर. ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनची परवानगी घेतल्याशिवाय खालचा एकही आकडा वापरू नये.

प्रश्न : वय ४७. उद्यमबागेत फौंड्रीत काम. साचा उचलताना कंबरेत कळ आली, डाव्या पायात पोटरीपर्यंत गेली. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगल्याचं आलं. चार महिने झाले, पायातलं दुखणं गेलंय, डॉक्टर म्हणतात हळूहळू व्यायाम करा. दुखण्याआधी ११० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड वाकून धरून सरळ उभं राहणं) करत होतो. हळूहळू म्हणजे नेमकं किती? (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : आधी एमआरआयबद्दल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबरेची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासले होते. त्यात चाळिशीतल्या निम्म्या आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. तेव्हा रिपोर्टमधला शब्द वाचून आयुष्यभराचा निकाल लागला असं समजू नका. वजन वाढवायचं की नाही हे तुमच्या पायातली ताकद, दुखण्याची जागा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ यांवरून ठरवायचं.

सुरू करण्याआधी चार गोष्टी जमतात का पाहा. अर्धा तास चालून पायात कळ येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता सलग दहा वेळा उठता येतं. टाचांवर आणि चवड्यांवर दहा-दहा पावलं दोन्ही पायांनी सारखी पडतात. चौथी गोष्ट काठीची : काठी पाठीला उभी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली हवी. गुडघे किंचित सैल ठेवून ढुंगण मागे ढकलत वाकायचं. तिन्हींपैकी एकही जागा सुटली, तर तुम्ही कंबरेतून वाकताय, खुब्यातून नाही. हे दहा वेळा न चुकता जमेपर्यंत रॉडला हात लावू नका. दोन आठवडे लागले तर लागू देत. शिवाय ब्लड प्रेशर मोजून घ्या. या वयात ते वाढलेलं असूनही माहीत नसतं, आणि श्वास कोंडून वजन उचलताना ते फार वर जातं.

पहिले तीन आठवडे वजन नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन व्यायाम एक दिवसाआड करा. पहिला : उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि डोकं-खांदे जमिनीपासून दोन बोटंच उचलायचे. दुसरा : कुशीवर, कोपरावर भार घेऊन अंग सरळ उचलायचं, सुरुवातीला गुडघे टेकलेले चालतात. तिसरा : हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचे, मग उलट. प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं, जास्त नाही. पहिल्या फेरीत पाच वेळा, दुसरीत तीन, तिसरीत एक. धरण्याचा वेळ वाढवण्यापेक्षा वेळांची संख्या वाढवणं कंबरेला मानवतं. सोबत रोज चालणं. कंबरेच्या कण्याला चिकटून असलेले बारीक स्नायू दुखण्याच्या काळात सुकतात आणि दुखणं थांबलं म्हणून आपोआप भरून येत नाहीत, म्हणून हे तीन आठवडे गाळायचे नाहीत.

मग रॉड. तो जमिनीवरून उचलायचा नाही, दोन्हीकडे ठोकळे लावून गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच ठेवायचा. जुन्या ११० चा पाव हिस्सा धरून ३० किलोने सुरुवात करा. आठ वेळांचे तीन सेट, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार. हलकं वाटेल. वाटलंच पाहिजे.

वाढवायचं आठवड्याला अडीच किलो, तेही तीन अटी पुऱ्या झाल्या तरच. शेवटची उचल पहिलीसारखीच दिसली पाहिजे. मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढा, आरशात मान वळवून बघू नका. शेवटच्या सेटनंतर आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे. आणि दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखलं नाही पाहिजे, आणि तेवढं दुखणंही दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं नसावं. तिसरी अट सगळ्यात मोठी. उचलताना अंग तापलेलं असतं, काही कळत नाही. बूट घालायला वाकता तेव्हा खरं काय ते समजतं. तीनपैकी एकही अट मोडली तर पुढच्या आठवड्यात तेच वजन. दर चौथ्या आठवड्यात वाढ नाही, उलट तीनऐवजी दोन सेट.

हिशोब करा. चार आठवड्यांत तीन वाढी, म्हणजे साडेसात किलो. चोवीस आठवड्यांत ३० चे ७५. त्यापुढे दोन आठवड्यांनी अडीच किलो धरलं तर ११० ला आणखी अठ्ठावीस आठवडे. एकूण पस्तीस किलोचा हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा लांब आहे आणि तो तसाच राहू द्या. मध्ये सणवार, आजारपण, ओव्हरटाईम धरून सव्वा ते दीड वर्ष. ठोकळ्यांची उंची कमी करणं हीसुद्धा वाढच असते. उंची पाच सेंटीमीटर उतरवली की वजन दहा टक्क्यांनी कमी करून पुन्हा चढा. एका आठवड्यात वजनही वाढवलं, उंचीही उतरवली आणि तिसरा दिवसही घातला, तर काय बाधलं ते कळायला मार्ग राहत नाही.

इतकं सावकाश का, तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जातंतूंची असते : आहेत तेच स्नायू मेंदू जास्त चांगले वापरू लागतो. कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) आणि अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) महिन्यांच्या हिशोबाने घट्ट होतात. गादीला तर मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, शेजारच्या मणक्यांतून पाझरेल त्यावर तिचं चालतं. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात हात-पाय म्हणतात "लाव आणखी वीस", आणि कंबर अजून तयार नसते. गडबड होते ती इथेच.

आणखी एक, वेळेबद्दल. बेळगावातल्या जिम पहाटे साडेपाचला भरतात. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्यांत पाणी भरलेलं असतं, त्या फुगलेल्या आणि ताठ असतात, आणि उठल्याबरोबर वाकल्यास त्यांच्यावरचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त पडतो. उठल्यावर निदान तासभर जाऊ द्या. संध्याकाळ जमत असेल तर संध्याकाळच बरी. सकाळशिवाय इलाज नसेल तर घरून चालत जा, आधी खांद्या-छातीचे व्यायाम उरका आणि वाकायचं काम शेवटी ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची आहे. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतं. रॉड किती किलोचा हे कोणालाच माहीत नाही. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : रॉड आधी तोला. ताणकाट्याला मधोमध टांगा, नाहीतर वजनकाट्यावर स्वतः उभं राहून एकदा रॉडसह, एकदा रॉडशिवाय मोजा. "रॉड वीसचा असतो" हे स्पर्धेच्या सात फुटी रॉडबद्दल खरं आहे. २५ मिलिमीटर जाडीचा पाच फुटी साधा भरीव रॉड जेमतेम सहा किलो भरतो. २८ मिलिमीटरचा सात फुटी साधा रॉड सुमारे दहा. ट्रेनरने "वीस धरा" म्हटलं आणि पुढे दुसऱ्या जिममध्ये खऱ्या वीसच्या रॉडला तेवढ्याच प्लेटा लावल्या, तर तुम्ही नकळत दहा-चौदा किलोची उडी मारलीत. ओतीव प्लेटांवरचा आकडाही तोलून बघा आणि ऑइलपेंटने खरा आकडा मागे लिहा.

लहान प्लेटांसाठी आपल्या गावाइतकी सोय क्वचितच कुठे असेल. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे भंगारातल्या माइल्ड स्टीलच्या चकत्या कापून मिळतील. १०० मिलिमीटर व्यास, मध्ये ३० मिलिमीटरचं भोक, ९ मिलिमीटर जाडी : अर्धा किलो भरते. रॉडचं टोक ५० मिलिमीटरचं असेल तर व्यास १२०, भोक ५२, जाडी ७, तेही अर्धा किलोच. अशा चार करून घ्या, म्हणजे एक किंवा दोन किलोची वाढ करता येईल. ५० किलोच्या आत असताना पाच किलोची उडी दहा टक्क्यांहून मोठी होते, आणि वाढ दोन ते दहा टक्क्यांत राहावी असा जाणकारांचा सल्ला आहे. कडा घासून घ्यायला सांगा, नाहीतर बोट कापेल. बाहेरून चिमटा लावायला विसरू नका.

प्लेटांच्या आकाराकडेही लक्ष असू द्या. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. गल्लीतल्या जिमची दहा किलोची लोखंडी प्लेट २८-३० सेंटीमीटरची असेल तर रॉड १४-१५ वरच. म्हणजे सात-आठ सेंटीमीटर जास्त वाकावं लागतं, आणि दुखरी कंबर गोल होते ती या शेवटच्या सात-आठ सेंटीमीटरमध्येच. प्लेटांखाली लाकडी ठोकळे द्या. सिमेंटचा ब्लॉक नको, वजन आपटलं की फुटतो आणि रॉड एका बाजूला कलंडतो.

प्रश्न : वय ५४, पाळी थांबून चार वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी पाण्याची बादली उचलताना कंबर धरली होती. तपासणीत हाडं थोडी विरळ सांगितली, फ्रॅक्चर नाही. घरचे सगळे म्हणतात, आता जड उचलायचंच नाही. (निपाणी)

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, सल्ला मात्र उलटा पडेल. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगली जड वजनं उचलली, आणि त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता घटायच्या ऐवजी वाढली. पण एक लक्षात घ्या, त्या बायका प्रत्येक वेळी जाणकार माणसाच्या देखरेखीखाली होत्या आणि पहिल्या काही आठवड्यांत हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकल्या होत्या. ती वजनं घरात एकटीने करून बघायची नाहीत.

घरी सुरुवात करायला पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन पुरेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यापेक्षा सोपं माप नाही. कॅन जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. दोन्हींत दोन-दोन लिटर पाणी, वर सांगितल्याप्रमाणे खुब्यातून वाकून दहा वेळा उचला-ठेवा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला प्रत्येक कॅनमध्ये अर्धा लिटर वाढवा. पाच लिटरला पोचलात की स्टूल बदलून पाट घ्या, पाणी पुन्हा तीनवर आणा. पाट झाला की कॅन घेऊन अंगणात वीस-तीस पावलं चाला, दोन्ही हातांत सारखं वजन. नंतर फक्त एका हातात, कलंडायचं नाही. बादलीने कंबर धरते ती याच बाजूच्या ओढीमुळे. दहा किलो निर्धास्त जमू लागले की देखरेख असलेल्या जिममध्ये जायला हरकत नाही.

हाडं विरळ असताना पुढे गोल वाकण्याचे व्यायाम टाळा : उताणं झोपून उठण्याच्या पोटाच्या घड्या (सिट-अप), पाय लांब करून बोटं धरणं, गादीवर लोळण. मणक्याची पुढची बाजू दबून चेपण्याचा धोका त्यात असतो. आहारात प्रथिनं कमी पडत असतात, वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम तरी हवीत. ६० किलो वजनाला ७२ ग्रॅम. भाकरी-आमटीवर हे भरत नाही. दोन अंड्यांतून १२, तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १५, मूठभर शेंगदाण्यांतून ७ अशी भर टाकावी लागते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : जिमला जात नाही, शेती आहे. गेल्या वर्षी खताचं पोतं उचलताना कंबर गेली. यंदा पावसाळ्याआधी तयारी कशी करू? (कडोली)

उत्तर : युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, बाकीची खतं बहुतेक ५० ची. रॉडला धरायला जागा असते आणि तो अंगालगत राहतो. पोतं लांब पडतं, हीच अडचण. कंबरेपासून ५० सेंटीमीटरवर धरलेले २० किलो कंबरेला २५ सेंटीमीटरवरच्या ४० किलोइतकेच ताणतात. म्हणून पोत्याचा सराव पोत्यानेच करायचा.

मार्चपासून लागा. मजबूत पिशवीत वाळू भरा, आत प्लास्टिकची दुसरी पिशवी, तोंड घट्ट बांधलेलं. १५ किलोने सुरुवात. आधी बाकावरून किंवा बैलगाडीच्या साटीच्या उंचीवरून छातीशी घ्यायचं, पाच वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. आठवड्याला दोन किलो वाळू वाढवा, चौथा आठवडा थांबा. बारा आठवड्यांत ३३ किलोपर्यंत जाल. म्हणजे जूनमध्ये ४५ चं पोतं एकट्याने जमिनीवरून उचलायला तुम्ही अजून तयार नाही, हे स्पष्टच सांगतो. यंदा ते दोघांनी धरायचं किंवा ट्रॉलीतून थेट पाठीवर घ्यायचं. एकट्याने उचलण्याची वेळ आलीच तर पोतं आधी उभं करा, त्याला बिलगून बसा, मांडीवर ओढून घ्या, छातीशी घट्ट धरा आणि मग उठा. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. पाय रोवून कंबरेतून पिळा मारला की संपलं.

भाताच्या नट्टीच्या (रोपलावणीच्या) दिवसांत सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते. तास-दोन तास चिखलात वाकून राहिल्यावर कण्यामागचे अस्थिबंध ताणून ढिले पडतात आणि ते लगेच पूर्ववत होत नाहीत. त्याच अवस्थेत बांधावर येऊन रोपांचा भारा किंवा पोतं उचललं की कंबर जाते. आधी पाच-दहा मिनिटं ताठ उभं राहा, हात वर करून मागे झुका, चार पावलं चाला. नट्टीच्या पंधरवड्यात वाळूची पिशवी बंद. सुरू करताना शेवटच्या वजनापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी घ्या.

प्रश्न : तालमीतल्या जोर-बैठका आणि मुद्गल कंबरेला चालतात का? (येळ्ळूर)

उत्तर : बैठका चालतात, पूर्ण खाली न बसता, तळाशी ढुंगण आत वळून कंबर गोल होते त्याच्या जरा आधी थांबायचं. जोरात कंबर खाली-वर दोन्हीकडे शेवटपर्यंत वाकते, म्हणून पहिले तीन-चार महिने साधे, अंग सरळ ठेवून केलेले जोर. मुद्गल सगळ्यात शेवटी, आणि दोन-तीन किलोचाच. तो जड असल्याने कंबर पिळत नाही, फिरवताना पोट सैल सोडल्याने पिळते. सपाटे वर्षभर विसरा.

प्रश्न : पट्टा बांधून उचलू का? (चिकोडी)

उत्तर : डॉक्टरांनी दिलेला लवचीक पट्टा दुखऱ्या दिवसांसाठी असतो, तो जिममध्ये कामाचा नाही. कातडी पट्ट्याला पोट आतून दाबता आलं तरच त्याचा उपयोग. नुसता आवळून काही होत नाही. पहिले सहा महिने त्याची गरज पडेल असं वजन तुमच्या हातात नसावं.

प्रश्न : वय ५१. पाच महिने नियमाने वाढवत ६० किलोपर्यंत आलो. गेल्या आठवड्यात पुन्हा चमक भरली. आता पहिल्यापासून सुरुवात का? (संकेश्वर)

उत्तर : नाही. आधी बघा, दुखणं कुठे आहे. फक्त कंबरेत असेल आणि टाचांवर नीट चालता येत असेल तर एक-दोन दिवस कमी हालचाल, मग चालणं सुरू. अंथरुणात यापेक्षा जास्त पडून राहिल्याने बरं व्हायला उशीरच लागतो. दुखणं कंबरेतून पायात उतरत गुडघ्याखाली जाऊ लागलं, पायाचा अंगठा वर उचलायला जड वाटू लागला, तर तपासून घ्या. पायातलं दुखणं वर सरकत कंबरेपुरतं उरत असेल तर ते सुधारण्याचं लक्षण आहे, जरी कंबर थोडी जास्त दुखली तरी.

चार-पाच दिवसांनी वजन ६० चं ३० ते ३५ करा आणि ठोकळे दहा सेंटीमीटरने वाढवा. पुढच्या आठवड्यात ४०, मग ४७, मग ५५, दरवेळी त्याच तीन अटींवर. साधारण महिन्याभरात पुन्हा ६० जवळ याल, कारण कमावलेली ताकद आठवड्याभरात जात नाही. मधल्या काळात वेदनाशामक गोळी घेऊन वजन उचलू नका. जी खूण बघून थांबायचं तीच गोळीने पुसली जाते.

आणि मागच्या दोन आठवड्यांची वही काढा. चमक भरली त्या दिवशीचं वजन बघू नका, त्याआधीचे दहा-बारा दिवस बघा : किती तास झोप, कोल्हापूर-बेळगाव किती वेळा गाडी चालवली, जिममध्ये एखादा जास्तीचा दिवस घातला का, चौथ्या आठवड्याची सुट्टी खाल्ली का. वहीत वजनासमोर दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुखण्याचा आकडा लिहिलेला नसेल, तर तो रकाना आजच आखा.